अंगठाभर सरकलेली नावं

"मला नवं शिकायला दोन दिवस पुरतात हो, पण जुनं विसरायला कोण रजा देतं?"

मोठ्या बाई हे बोलल्या तेव्हा जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयातले सगळे हसले. हेडक्लार्क तेवढे हसले नाहीत, कारण प्रश्न त्यांना विचारलेला होता. त्यांच्या हातात नुकतंच वाचून झालेलं परिपत्रक होतं. कार्यालयातल्या सव्वीस कॉम्प्युटरांची ऑपरेटिंग सिस्टीम बदलायची होती. जुनी ज्या कंपनीची होती तिने तिची देखभाल थांबवली होती आणि तिचीच नवी आवृत्ती या वयस्कर यंत्रांना झेपत नव्हती. म्हणून यंत्रं तीच ठेवून त्यांत लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम घालून पाहायचं ठरलं होतं. आठवडाभर चाचणी. शुक्रवारी संध्याकाळी निबंधकसाहेब स्वतः येऊन बघणार. जमलं तर शहरातल्या सगळ्या कार्यालयांत, म्हणजे सहाशे यंत्रांवर हीच सिस्टीम. नाही जमलं तर सव्वीसची सव्वीस भंगारात.

आणि हे काम करायला जी येणार होती, ती मोठ्या बाईंची सख्खी भाची होती.

भाची आत्याकडेच राहत होती. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, एक टेबल, दोन खुर्च्या, आणि टेबलाखाली कुणी फेकून दिलेली, कुणी दान केलेली चार-पाच यंत्रं, पोटं उघडी टाकून पडलेली. तिचा तीन जणींचा गट होता. शाळा, वाचनालयं, दवाखाने असं हिंडून त्या जुन्या कॉम्प्युटरांत लिनक्स बसवून द्यायच्या. आजवर त्यांचं सगळ्यात मोठं काम चौदा यंत्रांचं होतं. सहाशे हा आकडा तिने पहिल्यांदा ऐकला त्या दिवशी ती जिना दोन-दोन पायऱ्या गाळत चढली आणि दार उघडण्याआधी बाहेरूनच ओरडली, "आत्या, सहाशे!"

"आधी चपला काढ," आतून आवाज आला.

जेवताना आत्याने विचारलं, "ही तुझी सिस्टीम बनवली कुणी?"

"जगभरच्या माणसांनी. हजारो जणांनी."

"म्हणजे कुणीच नाही."

"अगं, उलट! कुणीही. कशी बनवली ते सगळं उघडं ठेवलेलं असतं. चूक दिसली तर आपण दुरुस्त करायची आणि इतरांनाही द्यायची."

आत्याने पाण्याचा घोट घेतला. "आमच्याकडे चूक दिसली तर अर्ज करतात," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "एक सांगून ठेवते. ऑफिसात मी तुझी आत्या नाही. तिथे तू मला बाई म्हणायचं आणि मी तुला मॅडम म्हणणार."

"मला हसू येईल."

"आलं तर बाहेर जाऊन हसायचं, मॅडम."

आत्याचं आयुष्य त्या कार्यालयात गेलं होतं, आणि भाचीला ते तुकड्यातुकड्यांनी माहीत होतं. एकोणिसाव्या वर्षी ती तिथे टंकलेखक म्हणून लागली. तेव्हा दाखला टाइपरायटरवर होत असे आणि एका अक्षराची चूक झाली की अख्खा कागद गेला. त्या काळात तिने स्वतःला एक सवय लावून घेतली. दुसऱ्याचं नाव टाइप करण्याआधी ते ओठांत एकदा म्हणायचं. टाइपरायटर गेला, सवय राहिली. खिडकीपलीकडच्या माणसाला वाटे बाई काहीतरी पुटपुटतायत, पण बाई त्याच्या बाळाचं नाव उच्चारून बघत असत. मग कॉम्प्युटर आला. दोन दिवसांच्या प्रशिक्षणात तीस जणांना मिळून तीन यंत्रं होती. आत्याच्या वाट्याला माऊस आला तो जेमतेम पंधरा मिनिटं. पण मागे उभं राहून तिने दुसऱ्यांची प्रत्येक कृती वहीत उतरवून घेतली होती. महिन्याभरात बाकीचे अडले की तिच्या टेबलाशी यायला लागले, आणि 'टायपिस्टबाई'च्या 'मोठ्या बाई' झाल्या.

तिच्या अभिमानाची गोष्ट एकच. अडतीस वर्षांत तिच्या हातचा एकही दाखला परत आलेला नव्हता. चार महिन्यांनी ती निवृत्त होणार होती आणि हा आकडा तिला शून्यच ठेवून जायचा होता. तसं ती बोलून दाखवत नसे, पण कोऱ्या दाखल्यांचा गठ्ठा उघडताना ती ज्या पद्धतीने हात पुसून घेई त्यावरून ते कळायचं. ते दाखले कोरे असले तरी साधे नव्हते. प्रत्येकावर चौकटी छापलेल्या, वर मुद्रा, खाली क्रमांक. आपण फक्त चौकटींत नावं छापायची. एक कागद वाया गेला तरी 'रद्द' असा शिक्का मारून, क्रमांकासह कारण लिहून ठेवावं लागे.

शनिवार-रविवार कार्यालय बंद होतं. भाचीने आणि तिच्या दोघी मैत्रिणींनी ते दोन दिवस तिथे अक्षरशः ठाण मांडलं. सव्वीस यंत्रं एकामागून एक जागी झाली. जे यंत्र सुरू होईपर्यंत माणूस चहा पिऊन येई, ते आता खुर्ची ओढून बसेपर्यंत तयार असायचं. नोंदी सगळ्या आल्या, शोध चालला, छपाईयंत्राने ओळख दिली. दाखल्याचा साचा भाचीने स्वतः बनवला. कोरा दाखला टेबलावर ठेवून तिने पट्टीने प्रत्येक चौकट मोजली आणि ती मापं साच्यात भरली. साध्या कागदावर पन्नास प्रती काढल्या, एकेक प्रत कोऱ्या दाखल्यावर ठेवून खिडकीच्या काचेवर धरली. उन्हात दोन्ही कागद एक झाले आणि नावं चौकटींत अशी बसली जशी अंडी आपापल्या खळग्यात बसतात. तिला त्या काचेपाशीच नाचावंसं वाटलं. नाचली नाही. पण घरी जाताना रस्त्यात दोनदा स्वतःशी हसली.

सोमवारी सव्वानऊला खिडक्या उघडल्या आणि साडेनऊला पहिला दाखला परत आला.

आणणारा माणूस एक चालक होता, गणवेशातच आलेला. "बाई, माझ्या मुलीचं पहिलं अक्षर चौकटीच्या बाहेर पडलंय," तो म्हणाला.

मोठ्या बाईंनी कागद घेतला. नाव डावीकडे सरकलं होतं, चांगलं अंगठाभर. पहिलं अक्षर चौकटीची रेघ ओलांडून 'बालकाचे नाव' या छापील शब्दांवर जाऊन बसलं होतं. मग 'रद्द'चा शिक्का शोधायला त्यांना खण उघडावा लागला, कारण तो त्यांच्या टेबलावर कधी नसेच.

दुसरा दाखला तसाच. तिसराही. दहा वाजेपर्यंत अकरा झाले.

"मॅडम," हेडक्लार्क भाचीच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले, "तुमची ती फुकटवाली सिस्टीम अक्षरं बाहेर फेकतेय."

"बघते, सर."

"बघा, बघा. बाहेर रांग जिन्यापर्यंत गेलीय, ती पण तुमच्याकडेच बघतेय."

भाचीने छपाईची सगळी कुंडली मांडली. कागदाचा आकार बरोबर. समास बरोबर. साचा तोच, कालचाच. काल पन्नास प्रती बिनचूक आल्या होत्या आणि आज एक येईना. असं कोडं तिला आवडायचं. फक्त यावेळी कोड्याच्या बाहेर सहाशे यंत्रं आणि जिन्यापर्यंतची रांग उभी होती.

"बाई, तुम्ही आज काही वेगळं केलं का?"

"काही नाही, मॅडम. रोजच्यासारखंच."

साडेअकराला तिने हार मानल्यासारखं करून साच्यातली सगळी नावं अंगठाभर उजवीकडे सरकवली. कारण कळलं नव्हतं, पण उपाय लागू पडला. मोठ्या बाईंचा पुढचा दाखला झकास आला. त्यापुढचाही. रांग हलली. कुणीतरी खिडकीपलीकडून "वा!" म्हणालं. भाची सकाळपासून पहिल्यांदा पाणी प्यायली.

जेवणाच्या सुट्टीनंतर गर्दी वाढली, म्हणून एरवी एकट्या मोठ्या बाईंकडे असलेल्या छपाईला तीन नंबरच्या खिडकीवरच्या बाईंनाही बसवलं. त्या दोन महिन्यांपूर्वी कर विभागातून बदलून आल्या होत्या, आजवर फक्त नोंदी करायच्या, दाखला कधी छापला नव्हता. छपाईयंत्र दोन खिडक्यांच्या मध्ये एकच होतं. क्रमांकाचे कागद असल्याने जिने तिने उठून आपला कागद आपल्या हाताने त्यात घालायचा, अशी रीत होती. तीन नंबरच्या बाईंनी पहिला कागद घातला, बटण दाबलं, आणि हाक मारली, "अहो मॅडम, माझं तर उजवीकडे पळालं!"

भाची धावली. खरंच, अंगठाभर उजवीकडे.

"छान," हेडक्लार्क म्हणाले. "सकाळी डावीकडे, दुपारी उजवीकडे. उद्या मागच्या बाजूला छापेल. मी वर टिपण पाठवतो." आणि त्यांनी ते खरोखर तिथेच उभ्याउभ्या लिहिलं: नवीन प्रणालीत दोष असून दाखले अशुद्ध येत आहेत.

भाचीचं तिकडे लक्षच नव्हतं. तिच्या डोक्यात घंटा वाजायला लागल्या होत्या. यंत्र एक. फाइल एक. कागद एकाच गठ्ठ्यातले. मोठ्या बाईंचं बरोबर येतंय आणि तीन नंबरचं चुकतंय. सिस्टीमला काय माहीत कोण कोणत्या खिडकीवरची आहे? कॉम्प्युटर माणूस ओळखत नाही. मग दोघींत वेगळं काय आहे?

सकाळपासून ती पडद्याकडे बघत होती. आता तिने खुर्ची उलटी फिरवली, पडद्याकडे पाठ केली, आणि हातांकडे बघायला लागली.

मोठ्या बाई उठल्या. डाव्या हाताने कोरा दाखला उचलून उजव्यात घेतला, छपाईयंत्राच्या तोंडाशी नेला. तिथे कागद मध्ये धरून ठेवणाऱ्या दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या होत्या. बाईंच्या अंगठ्याने उजवी पट्टी किंचित सैल केली, कागद त्या बाजूला सारला, छपाई होताच पट्टी पुन्हा जागेवर ढकलली. हे सगळं एका श्वासात, केस कानामागे सारावेत तितक्या सहज. बाई तेव्हा पुढच्या माणसाच्या बाळाचं नाव ओठांत म्हणत होत्या.

"आत्या!" भाची ओरडली. ऑफिसातला नियम मोडला तो तिथे.

"मॅडम?"

"हे काय केलंस आत्ता?"

"काय केलं?"

"अंगठ्याने. पट्टी सरकवलीस."

मोठ्या बाईंनी आपल्या उजव्या अंगठ्याकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाचा तरी चुकून आपल्याकडे राहून गेलेला असावा, तसं.

मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर सगळं उमटत गेलं. अकरा वर्षांपूर्वी कोऱ्या दाखल्यांची नवी छपाई आली होती, आणि तिच्यात चौकटी अंगठाभर डावीकडे गेल्या होत्या. जुनी सिस्टीम नावं जुन्याच जागी छापायची. कार्यालयाने साचा बनवणाऱ्यांना पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं. तेव्हा उत्तर आलं की साचा बंद आहे, त्यात बदल करता येत नाही. दाखले तर रोज द्यायचे होते. मग मोठ्या बाईंनीच तोड काढली. नाव सरकत नाही ना? कागद सरकवू. आठ दिवसांत त्यांचा अंगठा ते माप शिकला, महिन्याभरात डोकं ते विसरून गेलं.

"म्हणजे तुझी सिस्टीम..." त्या म्हणाल्या.

"बरोबर छापतेय. सकाळपासून."

"आणि मी?"

भाचीने मान वळवून पाहिलं. आजूबाजूला कुणी ऐकलं नव्हतं. हेडक्लार्क टिपण घेऊन वर गेले होते, तीन नंबरच्या बाई माणसांशी हुज्जत घालत होत्या.

"एकसष्ट कागद," आत्या म्हणाली. रद्द झालेल्यांचा आकडा तिला पाठ होता.

"त्यातले काही माझ्या साच्यामुळे गेले. कुणाला काही सांगायची गरज नाहीये. मी साचा परत मूळ जागी आणते, तू फक्त कागद सरळ घाल."

फक्त! आत्याने कागद सरळ घातला आणि अंगठ्याने तो सारला. पुन्हा घातला, पुन्हा सारला. तिसऱ्यांदा तिने दात-ओठ खाऊन हात आवरला, तर आवरेपर्यंत अंगठ्याचं काम झालेलं. रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, "काय बाई, कागद खाजतोय का?"

तेव्हा तिने 'रद्द'चा शिक्का उचलून उजव्या मुठीत घट्ट धरला, जणू हाताला शाळेत बाकावर उभं केलं, आणि नवा कागद डाव्या हाताने घातला. डावा हात अडाणी होता. त्याला अकरा वर्षांतलं काही ठाऊक नव्हतं. कागद अडखळत आत गेला, सरळ गेला, आणि बाहेर आला तेव्हा नाव चौकटीच्या मधोमध.

आत्याने तो दाखला वर धरला. "हं," ती म्हणाली. त्या 'हं'मध्ये काय काय होतं ते भाचीला पुढच्या चार दिवसांत कळत गेलं.

त्या संध्याकाळी घरी आत्याने जेवायच्या आधीच भाचीला टेबलाशी बसवलं. "दाखव."

"काय?"

"तू ती नावं सरकवलीस दुपारी. कुठून सरकवलीस ते दाखव."

भाचीने साचा उघडला. प्रत्येक चौकटीसमोर एक आकडा होता. तिने एक आकडा बदलला आणि पडद्यावर नाव टुणकन उजवीकडे गेलं. परत बदलला, परत आलं.

आत्या खुर्चीत पुढे सरकली. "हे आपल्याला हलवता येतं?"

"हो."

"कुणाला पत्र न लिहिता?"

"कुणाला पत्र न लिहिता."

आत्याने स्वतः आकडा बदलला. नाव वर गेलं. पुन्हा बदलला, खाली आलं. अठ्ठावन्नाव्या वर्षाला साजेसं तोंड करून बसलेली ती बाई पाच मिनिटं एका नावाला पडद्यावर इकडून तिकडे पळवत होती, आणि भाचीला वाटलं, हिने अकरा वर्षं यंत्रापुढे कागद वाकवला, आज पहिल्यांदा यंत्र हिच्यापुढे वाकतंय.

"मग आईचं नाव मोठं कर," आत्या एकदम म्हणाली.

"म्हणजे?"

"वडिलांचं नाव केवढं आहे बघ. आणि आईचं? मुंगीएवढं. जुन्या साच्यात तसं होतं म्हणून तू तसंच उचललंस. किती बायकांनी मला विचारलं असेल माहितेय? बाई, माझं नाव इतकं बारीक का? मी काय सांगायची, कॉम्प्युटर तसंच करतो. इतकी वर्षं मी हे खोटं... खोटं नाही गं, खरंच होतं. पण सांगताना लाज वाटायची."

भाचीने आईच्या नावाचा आकार वडिलांच्या नावाइतका केला. एक आकडा, एक बटण. दोघी बघत राहिल्या. मग आत्या उठली. वही आणली आणि तारीख घालून लिहायला बसली, पण प्रशिक्षणातल्यासारख्या पायऱ्या नव्हे, मागण्या. लांब नावं दोन ओळींत यावीत. जुळी असली तर दुसऱ्याची माहिती परत टाइप करायला लागू नये. तारीख अक्षरांतही आपोआप यावी. पान भरलं. दुसरं उलटलं.

"आत्या, श्वास घे."

"चार महिनेच उरलेत, मॅडम. लिहून घ्या."

मंगळवारी खिडकीवर एक बाई आपला दाखला घेऊन चार पावलं गेली आणि परत आली. "हे माझं नाव..." ती म्हणाली.

"चुकलंय?" मोठ्या बाई ताडकन उठल्या.

"नाही, नाही. दिसतंय."

बुधवारी तारीख अक्षरांत यायला लागली. तीन नंबरच्या बाईंनी शोध लावला की यंत्र सुरू होताना आता थांबावं लागत नाही, आणि आनंदाने दोनदा विनाकारण बंद करून सुरू केलं. गुरुवारी वेगळंच घडलं. लोक पिशव्यांतून लॅपटॉप आणायला लागले. आधी लेखा शाखेतले एक गृहस्थ आले, कापडात गुंडाळलेलं यंत्र छातीशी धरून. "मुलगा म्हणतो फेकून द्या. पण चालतो हो, फक्त मंद झालाय. तुमचं हे बसतं का यात?" मग शिपाईमामा. मग वरच्या मजल्यावरून तिघी. दुपारी भाचीच्या टेबलापुढची रांग दाखल्यांच्या रांगेपेक्षा लांब झाली. तिच्या दोघी मैत्रिणी धावत आल्या आणि तिघी मिळून एकेक यंत्र जागं करत सुटल्या. जागं झालेलं यंत्र घेऊन माणसं घरी जात आणि दुसऱ्या कुणाला तरी घेऊन परत येत. ज्यांनी उभ्या जन्मात ऑपरेटिंग सिस्टीम हा शब्द उच्चारला नव्हता ते जिन्यात एकमेकांना सांगत होते, "अहो, उघडी असते ती. हवं तसं करून घेता येतं. मोठ्या बाईंना विचारा."

आणि संध्याकाळी सगळे गेल्यावर हेडक्लार्क एक जाडजूड पाकीट घेऊन आले. पाकिटात लॅपटॉप होता. "माझा नाही," ते म्हणाले. "एका परिचितांचा आहे."

"पासवर्ड काय परिचितांचा?"

हेडक्लार्कनी इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतःच्या मुलीचं नाव सांगितलं.

"बसवून देते, सर. पण सोमवारचं ते टिपण..."

"ते वर गेलं. गेलेलं टिपण परत येत नाही," हेडक्लार्क म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटत असल्याचं दिसलं.

शुक्रवारी निबंधकसाहेब पाच वाजता आले. सोबत कुणी नव्हतं, हातात फक्त एक फाइल. त्यांनी खिडकीपाशी उभं राहून वीस मिनिटं नुसतं पाहिलं. मोठ्या बाई उजव्या मुठीत शिक्का धरून डाव्या हाताने दाखले घालत होत्या. आता तो हात अडखळत नव्हता. माणसं येत होती, जात होती. साहेबांनी चार दाखले उचलून पाहिले, एक उजेडात धरला. "उत्तम," ते म्हणाले. दारापाशी उभ्या भाचीच्या मैत्रिणींनी एकमेकींचा हात पकडला.

मग साहेबांनी फाइल उघडली. "पण हे सोमवारचं काय? एकसष्ट दाखले रद्द. टिपणात लिहिलंय, नवीन प्रणालीत दोष."

हेडक्लार्क आपल्या बुटांकडे बघायला लागले.

"दोष गेलाय, साहेब," भाची म्हणाली.

"गेलाय ते दिसतंय. होता कुठे?"

भाचीला उत्तर माहीत होतं, आणि ते उत्तर चार हातांवर उभं होतं. डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिला आत्याची पाठमोरी आकृती दिसत होती. अडतीस वर्षं, शून्य दाखले परत. चार महिने राहिलेले.

"चूक माझी होती," भाची म्हणाली. "साच्यात. मापं घेताना माझ्याकडून चुकलं."

साहेबांनी चष्मा काढला. "तुमचा प्रामाणिकपणा आवडला. पण मग मला अडचण आहे. सव्वीस यंत्रांत तुमच्याकडून मोजायची चूक होते, तर सहाशेंत काय होईल? लोकांचे दाखले आहेत हे. नेमका दोष कुठे होता हे कळल्याशिवाय मी सही करू शकत नाही." त्यांनी फाइल मिटायला घेतली.

मोठ्या बाई उठल्या.

त्यांनी मुठीतला शिक्का टेबलावर ठेवला. हात पुसले. खणातून दोन कोरे दाखले काढले, क्रमांकाचे. पडद्यावर चाचणीची नोंद आणली. तीन नंबरच्या बाई "अहो, ते खरे कागद—" म्हणाल्या.

पहिला कागद मोठ्या बाईंनी उजव्या हाताने घातला. हात मोकळा सोडला. अंगठा आपणहून पट्टीवर गेला, कागद सरकला, पट्टी परत जागेवर. यावेळी ते सगळ्यांनी पाहिलं. कागद बाहेर आला, नाव चौकटीबाहेर, डावीकडे, अंगठाभर.

दुसरा त्यांनी डाव्या हाताने घातला. नाव चौकटीत.

साहेब जवळ आले. हेडक्लार्कही आले. मोठ्या बाईंनी दोन्ही कागद त्यांच्यासमोर शेजारी-शेजारी ठेवले. चुकलेल्या कागदावर त्यांनी आपला उजवा अंगठा टेकवला, चौकटीची रेघ आणि नावाचं पहिलं अक्षर यांच्यामध्ये. तो तिथे तंतोतंत मावला. क्षणभर तसाच ठेवला. मग शिक्का उचलून दोन्ही कागदांवर 'रद्द' मारला, रद्दची वही ओढली, दोन्ही क्रमांक लिहिले, आणि मागची पानं उलटून सोमवारच्या एकसष्ट ओळींपुढे हेडक्लार्कच्या अक्षरातलं 'संगणक दोष' एका लांब रेघेने खोडून बाजूला 'कागद घालण्यातली माझी चूक' असं लिहून सही केली. सही नेहमीसारखीच वळणदार आली.

साहेबांनी वही वाचली. त्यांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं, मग भाचीकडे. भाचीचे डोळे भरले होते आणि तोंडभर हसू होतं, दोन्ही एकदम. साहेबांनी खिशातून पेन काढलं, फाइल पुन्हा उघडली, आणि उभ्यानेच सही करायला लागले. दारात तिच्या मैत्रिणींपैकी एक किंचाळली, दुसरीने तिचं तोंड दाबलं.

साडेपाच झाले होते. मोठ्या बाईंनी यंत्र बंद केलं, पडदा काळा होईपर्यंत वाट पाहिली. खुर्चीच्या पाठीवरची पिशवी खांद्याला लावली, छत्री घेतली. हेडक्लार्क काहीतरी म्हणायला पुढे झाले. बाईंनी त्यांच्याकडे पाहून फक्त मान हलवली, भाचीच्या पाठीवरून जाता जाता एकदा डावा हात फिरवला, आणि दारातल्या मुलींमधून बाहेर पडल्या.